नानीची असर आणि घाटाखालचा रस्ता

नानी असरची नमाज सगळ्यांच्या आधी पढायची. आजोळच्या घरात नाना, मामू सगळे हनफी, कोल्हापूरच्या आमच्या मोहल्ल्यातली मशीदही हनफी. तिथली अजान व्हायला पाऊण तास असायचा, तेव्हाच नानी पदर सारखा करून मुसल्ला अंथरायची. मला वाटायचं, बिचारीला घड्याळ कळत नाही. एकदा मोठ्या शहाणपणाने तिला म्हणाले, "नानी, अभी वक्त नै हुआ." ती सलाम फेरून शांतपणे म्हणाली, "आमचो झालो."

'आमचो' म्हणजे घाटाखालचा. नानी खारेपाटणची. लग्न होऊन घाट चढून आली आणि पुढची पन्नास वर्षं कोल्हापुरात राहिली. दखनी बोलायला शिकली, तांबडा रस्सा करायला शिकली, पण असरची वेळ तिने बदलली नाही.

नानी शाफई होती, हे मला बीएड झाल्यावर कधीतरी उमगलं. फरक सावलीचा आहे. दुपारी बाराची मूळ सावली वजा करून एखाद्या वस्तूची सावली त्या वस्तूएवढी झाली की शाफईंची असर सुरू होते. इमाम अबू हनीफांच्या मते ती दुप्पट व्हावी लागते. (खुद्द त्यांचे दोन मोठे शागीर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, या बाबतीत एकपट सावलीच्या बाजूचे, म्हणजे नानी एकटी नव्हती.) आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. येमेन, मलबार, भटकळ, कोकण, पार इंडोनेशियापर्यंत समुद्राकाठचे मुसलमान बहुतेक शाफई. दिल्ली, दख्खन, मध्य आशिया इथले बहुतेक हनफी. एक वाट पाण्याची, दुसरी खुष्कीची. त्या दोन वाटा आमच्या आजोळच्या ओसरीवर रोज दुपारी पाऊण तासाच्या अंतराने भेटत होत्या.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझ्या वर्गातला एक मुलगा. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते, शिक्षक कमी असले की इतिहासाचा तासही माझ्याकडे येतो. सातवीला मध्ययुग असतं. आदिलशहा, सिद्दी, मोगल, मराठे. मुलं गप्प होतात. त्या गप्पपणाची मला इतक्या वर्षांत सवय झाली होती. यंदा एकाने हात वर केला आणि विचारलं, "टीचर, इसमें हम कौन?"

मी काहीतरी उत्तर दिलं. घंटा झाली. पण प्रश्न काही घरी येईपर्यंत सुटला नाही. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मिळाले तेव्हा मी म्हटलं, आपण नानीच्या गावाला जाऊ, आणि तिथून सिंधुदुर्ग जिल्हा सावकाश बघत आंबोलीने वर येऊ. गाडी चालवायला नवरा, मागे सत्तरीतली अम्मी, आणि नववीतला मुलगा. अट एकच: मोठ्या रस्त्यावर लागेल तेवढंच राहायचं, एरवी आतल्या रस्त्यांनी जायचं.

राधानगरीच्या पुढे दाजीपूरला पहिला थांबा. १९५८ साली हे अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याआधी हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं. आज गव्यांचं. आम्हाला गवा दिसला नाही, शेण दिसलं. मुलगा म्हणाला, पुरावा म्हणून चालेल. राधानगरीचं धरण शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, हे त्याला शाळेत शिकवलेलं होतं. त्याच महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं करायला पुढाकार घेतला, तेही शिकवलेलं होतं. पण त्याचे दादा त्या बोर्डिंगात राहून शिकले, हे त्याला पहिल्यांदा कळलं. अब्बांनी ते कधी मोठं करून सांगितलं नव्हतं, आणि मीही.

फोंडा घाट उतरताना कान बंद होतात आणि वास बदलतो. देवगड-निपाणी रस्ता हा. कोकणातून नारळ, मासळी, आमसुलं वर आणि देशावरून गूळ, कांदा, तंबाखू खाली, असा बैलगाडीच्या काळापासूनचा व्यवहार. खाली भाताची कापणी उरकली होती, मळणी चालू होती, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जात होत्या. अम्मीने काच खाली केली आणि बराच वेळ वर केली नाही. नांदगावला आम्ही चौपदरी महामार्गाला लागलो, तळेऱ्यावरून उत्तरेला खारेपाटण.

महामार्गावरून जाणाऱ्याला खारेपाटण म्हणजे एक पूल आणि दोन मिनिटं. जिल्ह्याचं टोक. पण गावात उतरून नदीकडे गेलं की कळतं, गावाचं तोंड रस्त्याकडे नव्हतंच, पाण्याकडे होतं. ही नदी पुढे वाघोटणची खाडी होऊन विजयदुर्गाला समुद्राला मिळते. भरतीचं पाणी घेऊन गलबतं इथवर आत येत. पाटण म्हणजे बंदराचं शहर, खारं पाणी पोचतं ते पाटण. नावातच सगळं आहे, फक्त आपण ते रस्त्यावरच्या पाटीवर वाचतो म्हणून लक्षात येत नाही.

या गावाची सर्वात जुनी मोठी नोंद शके ९३० ची, म्हणजे इसवी सन १००८ ची. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचे ताम्रपट इथे मिळाले. राजाने आपले गुरू आत्रेय यांना अव्वेश्वराच्या देवळासाठी तीन गावं दिली, तेली, माळी, कुंभार, परीट यांची एकेक घरं लावून दिली. इथपर्यंत कुठल्याही दानपत्रासारखंच. पण पुढे उत्पन्नाची आणखी एक बाब येते: द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, आणि कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण. चेमूल्य आणि चंद्रपूर ही दोन बंदरं त्यातून वगळलेली. चेमूल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर.

म्हणजे देवळातला दिवा परदेशी जहाजांच्या जकातीवर जळत होता. ती जहाजं कुणाची, ते ताम्रपट सांगत नाही. पण त्या शतकात हा किनारा कसा होता ते दुसरा एक माणूस सांगतो. बगदादचा इतिहासकार मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या सुमारास, चौलला आला होता. तिथे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. तिथला राजा शिलाहारच, उत्तर कोकणचा झंझ. आणखी दहा वर्षांनी, ९२६ सालचा चिंचणीचा ताम्रपट पाहा. पालघरच्या बाजूला संजाणमध्ये राष्ट्रकूट राजाने नेमलेला अधिकारी ताजिक, म्हणजे अरब. नाव मधुमती सुगतीप. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप मानतात. त्याने लोकांसाठी नदीवर फुकट तरी चालू केल्या आणि अन्नछत्र घातलं, आणि त्याच्याच संमतीने भगवतीच्या मठाला दान दिलं गेलं. मोगल यायला अजून सहाशे वर्षं होती.

मला या नोंदींत सर्वात जास्त काय आवडतं तर त्यांचा कोरडेपणा. कुणी कुणाचं कौतुक करत नाही, कुणी 'ऐक्य' असा शब्द वापरत नाही. इतक्या जहाजांमागे इतकं सोनं, इतकी घरं, एवढी जमीन. हिशेब.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज प्रवासी बार्बोसा या किनाऱ्यावरच्या ज्या 'अरापाटण'चा उल्लेख करतो ते खारेपाटणच असावं, असं मानलं जातं. तिथे मलबारची जहाजं स्वस्त तांदूळ आणि भाजीपाला भरून घेत. आजूबाजूला पाहिलं तर अजूनही हाच ऐवज: भात, आणि भात निघाल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर केलेली भाजी, कुळीथ. इंग्रजांच्या १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरात इथल्या एकेकाळच्या मोठ्या मुसलमान वस्तीची आणि तिच्या पडझडीची नोंद आहे, आणि काळ्या दगडाची मूर्ती असलेल्या जैन देवळाचीही. नंतर खाडी गाळाने भरत गेली. आगबोटी आल्या, त्या विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा समुद्रावरच्या बंदरांना लागायच्या, खाडीत आत यायच्या नाहीत. पुढे आगबोटीही बंद पडल्या. बंदर म्हणून गाव संपलं ते कुणी जिंकून नाही आणि कुणी जाळून नाही. गाळाने.

आम्ही मोहल्ल्यात विचारत विचारत गेलो. एका अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. "खयसून इलास?" अम्मीने कोल्हापूर सांगितलं आणि नानीच्या वडिलांचं आडनाव सांगितलं. बाईंनी डोळे बारीक केले. ते घराणं आधी मुंबईला गेलं, मग कुवेतला. "घर पडला. जमीन आसा." इतकंच. मग त्यांनी आम्हाला चहा दिला. आम्ही तो पीत असताना असरची अजान झाली. नवऱ्याने सवयीने घड्याळाकडे पाहिलं. अम्मी हसली. पहिल्यांदाच नानीची वेळ मी मशिदीच्या भोंग्यावरून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेऱ्याहून पश्चिमेला आत वळलो. पोंभुर्ले हे देवगड तालुक्यातलं लहानसं गाव. बाळशास्त्री जांभेकर इथले. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' काढलं, हे सगळ्यांना माहीत असतं, पत्रकार दिन असतो म्हणून. आम्हा शिक्षकांना त्यांची दुसरी ओळख ठाऊक असायला हवी: १८४५ मध्ये मुंबईत शिक्षक घडवण्यासाठी नॉर्मल स्कूल निघालं तेव्हा ते त्याचे प्रमुख होते. बीएडला आम्हाला पेस्टालॉझी आणि फ्रोबेल पाठ करायला लावले, जांभेकर कुणी सांगितले नाहीत. आणि तिसरी ओळख ही की खारेपाटणचे ते ताम्रपट पहिल्यांदा वाचून छापणारे बाळशास्त्रीच. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात ते आले. संस्कृत, इंग्रजी, फारसी, गुजराती, बंगाली, किती भाषा त्यांना येत. आपल्याच खाडीकाठच्या जुन्या बंदरातला तांब्याचा पत्रा, आणि तो वाचणारा त्याच मुलखातला मास्तर. १८४६ मध्ये ते गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

तिथून देवगड आणि मग किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला. इथे जमीन कातळाची. सड्यावर सुरुंग लावून खड्डे काढायचे, त्यात माती भरायची आणि हापूसचं कलम लावायचं. नोव्हेंबरात झाडं मुकी असतात, मोहोराची वाट बघत. रस्त्याकडेला नर्सरीची पाटी होती, 'हापूस कलमे मिळतील'. मुलाला म्हटलं, हे वाक्य फोड. 'हापूस' अफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीजाच्या नावावरून. 'कलम' अरबी-फारसीतून: कापून केलेलं ते कलम, लेखणीही आणि झाडाची फांदीही. 'मिळतील' अस्सल मराठी. मग खेळच सुरू झाला. बाग, बागायत, जिरायत, खरीप, रब्बी, जमीन, तालुका, जिल्हा, हे फारसी-अरबीतून आलेले. काजू, अननस पोर्तुगीजांबरोबर. समुद्राकडे वळलं तर बंदर, दर्या, जहाज, खलाशी. 'नाखवा' हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. आणि शिवाजी महाराजांच्या आरमारातला 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज.

वर्गात मी हे शब्द 'फारसीचा मराठीवरील प्रभाव' या मथळ्याखाली शिकवते, पाच गुणांना. तिथे ते पाहुण्यांसारखे वाटतात. इथे शेतकऱ्याच्या तोंडी 'कलम बांधलं' येतं तेव्हा त्यात पाहुणं काय आहे?

आचऱ्याला थांबलो तो रामेश्वराच्या देवळामुळे नव्हे, ऐकलेल्या एका गोष्टीमुळे. आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवतेचा कौल मिळाला की सगळा गाव घरांना कुलपं लावून, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस नाही. लोक बाहेर झोपड्या बांधून राहतात, स्वयंपाक करतात, भजनं, गप्पा, खेळ. बारा वाड्यांतले सगळ्या जातीधर्मांचे लोक निघतात, मुसलमानही. पुन्हा कौल झाला की परत यायचं. याची कारणं हजार सांगतात. कुणी साथीच्या रोगांशी जोडतात, कुणी पिशाच्चांशी. मला कारणात फार रस नाही. कौल देवाचा आहे आणि माझा अकीदा वेगळा आहे, हे आचऱ्याच्या मुसलमानाला माहीत नसेल असं थोडंच आहे? पण गाव निघालं की तो निघतो, कारण गाव त्याचं आहे. काही आलिमसाहेबांना हे पटणार नाही. त्यांनी तीन दिवस रिकाम्या गावात एकट्याने राहून दाखवावं.

मालवणला गर्दी होती. किल्ल्याला जाणाऱ्या होड्यांची रांग, स्कूबावाल्यांच्या हाका. 'येवा, कोकण आपलोच आसा' अशी पाटी पाहून अम्मी म्हणाली, "इथे पर्यटकांना आपलं म्हणतात, ते बरं आहे."

सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला गेला. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी, चहूबाजूंनी खारं पाणी. इथे उभं राहून दौलतखानाचं नाव घेतल्याशिवाय मुसलमान लेखक पुढे जात नाही. मीही घेते. दौलतखान महाराजांच्या आरमाराचा सरदार. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर मराठ्यांनी तट बांधायला घेतला, मायनाक भंडारी बेटावर होता आणि दौलतखान गलबतांचा ताफा घेऊन इंग्रजांशी लढला. इंग्रजांच्या पत्रांत त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. पण त्याच लढाईत समोरच्या बाजूला सिद्दीही होता.

दरवर्षी शिवजयंतीला महाराजांच्या मुसलमान सरदारांची यादी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरते. मीही पुढे पाठवली आहे. यातली काही नावं पक्की आहेत, काही कुणीतरी घुसडलेली. पण मला अलीकडे ती यादी पाठवताना लाज वाटते. नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणतात तशी ती दिसते. दौलतखान दर्यावर्दी होता. त्याला समुद्र कळत होता, म्हणून महाराजांनी त्याला ठेवलं. तो माझा दाखला म्हणून लढला नाही. त्या मुलाला मी वर्गात घाईघाईने जे उत्तर दिलं होतं ते दौलतखान हेच होतं. त्याचा चेहरा काही खुलला नव्हता. आता कळतं, का ते. पन्नास नावांच्या यादीतला एक सरदार कुणाच्या घरातला कसा वाटेल?

किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या आसपासचा तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग गाभ्याचा. पाण्याखाली प्रवाळ आहेत. मासेमारांचा याला पहिल्यापासून विरोध, कारण त्यांच्या पोटापाण्याची जागाच नकाशावर रंगवली गेली. इथली जुनी पद्धत रापणीची: होडीने अर्धगोल जाळं टाकून यायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकं सगळ्यांनी मिळून ओढायची. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. आम्ही सकाळी गेलो तेव्हा एक रापण ओढली जात होती. माझा मुलगाही दोरीला लागला. शेवटी त्याच्या हातावर कुणीतरी चार तारल्या ठेवल्या. त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

मालवणहून कुडाळकडे जाताना धामापूर लागतं. सगळ्या प्रवासात मी सर्वात जास्त वेळ जिथे बसले ते हे ठिकाण. १५३० साली विजयनगरच्या अखत्यारीतला मांडलिक नागेश देसाई याने, धामापूर आणि काळसे या दोन गावांच्या लोकांना घेऊन, दोन डोंगरांच्या मधला ओढा अडवला आणि तलाव केला. काठावर भगवतीचं देऊळ. भोवती दाट झाडी, पाण्यावर पक्षी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. आता तारखा शेजारी मांडा. १५२६ ला पानिपत, बाबर दिल्लीत. १५१० पासून गोवा पोर्तुगीजांकडे. १५६५ ला तालिकोट, विजयनगर संपलं. मग विजापूर, मग मराठे, सावंत, इंग्रज. सातवीचं पुस्तक या नावांचं बनलेलं आहे. तलाव त्यातल्या एकाही प्रकरणात नाही, आणि तो अजून काम करतो आहे. त्याच्या पाण्यावर खाली भातशेती आणि माडापोफळीच्या बागा आहेत, मालवण शहर त्याचंच पाणी पितं. पाचशे वर्षं बांध टिकला तो कुणी तरी दरवर्षी त्याच्यावरची झाडं काढली, गळती बुजवली, सांडवा साफ ठेवला म्हणून. त्या माणसांची यादी नाही.

कुडाळमधून न थांबता सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलाकार बसतात ते मला बघायचं होतं. गंजिफा शब्द फारसी. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे, अबुल फजलनेही या खेळाचं वर्णन केलं आहे. मोगल गंजिफाचे आठ रंग, ९६ पत्ते: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे दहा रंग, १२० पत्ते, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. दर रंगात एक राजा, एक वजीर आणि दहा साधी पानं. गोल पत्ते, हातांनी रंगवलेले, वर लाखेचं रोगण. विसाव्या शतकात हे संपत आलं होतं. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ते पुन्हा उचललं. राणीसाहेब स्वतः शिकल्या.

एक नियम कलाकाराने सांगितला आणि मी तिथेच थबकले. डाव दिवसा मांडला तर सुरुवात रामाच्या राजाने, रात्री मांडला तर कृष्णाच्या. मोगल गंजिफातही हाच नियम: दिवसा सुर्ख, म्हणजे सोन्याचं नाणं, रात्री सफेद, म्हणजे चांदीचं. सूर्य आणि चंद्र. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. ज्या कुणी चिताऱ्याने दिल्ली-दख्खनचा खेळ घेऊन त्यात अवतार बसवले, त्याने सूर्य-चंद्राचा हिशेब चुकू दिला नाही, असं मला वाटतं. हा माझा तर्क, पुरावा मागू नका. पण एवढं खरं की त्याने वजीर तसाच ठेवला. रामाच्या पानातही वजीर आहे.

शेवटच्या दिवशी दाणोलीवरून आंबोली घाट. हा सगळा पट्टा आता राखीव होत चालला आहे: तिलारी २०२० मध्ये संवर्धन राखीव झालं, आंबोली-दोडामार्गही त्याच सुमारास. वर हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात सापडली, तिला नदीचंच नाव दिलं गेलं, आणि पुढच्या वर्षी दोन हेक्टरांची ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. बोटभर मासा आहे. तो कधीपासून तिथे होता, याची नोंद ठेवायला कुणी नव्हतं. नदी मात्र कोकणात न उतरता उलट दिशेला, आजऱ्याकडे, आमच्याकडे येते.

कुंडापासून परत गाडीशी आलो. ऊन तिरपं झालं होतं. मुलाने छत्री जमिनीत रोवून सावली मोजायला घेतली. दुपारी बारा वाजता त्याने सावंतवाडीत एकदा मोजून ठेवली होती, ती वजा करायची, मग कुणाची असर झाली ते कळेल. तो मोबाइलवर आकडेमोड करत होता, नवरा म्हणत होता, अजून अर्धा तास आहे, आजऱ्याला पढू.

अम्मीने डिकीतून मुसल्ला काढला. सत्तर वर्षं ती हनफी वेळेला पढत आली आहे. "मुसाफिर आहे मी," ती म्हणाली, "दोनच रकात आहेत," आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.